जागृतीची खानेसुमारी
(टोकावडे येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मारक-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या हयातीत शाळा, पाणवठा आणि दवाखाना या तीन गोष्टींखेरीज अन्य कशासाठीही मामलेदार कचेरीची पायरी चढली नाही, असे चालकांकडून समजले. तेव्हा त्यांच्या नावाने बोलायला उभे राहणाऱ्याने विषय निवडताना दवाखान्याच्या वाटेवरून फार दूर भटकू नये, हे उचितच होय. कर्करोगाची लक्षणे आणि त्याची कारणे सामान्य जनांना कितपत ठाऊक आहेत याचे मापन कसे करावे, आणि असे मापन करून जो आकडा हाती येतो त्यावर कितपत विसंबावे, हा आजचा माझा विषय आहे. मी वैद्य नव्हे. उभी हयात आकडेवारीच्या दप्तरात घालवलेला इसम आहे, आणि निदानाविषयी वा उपचाराविषयी मी काही सांगू लागलो तर येथे बसलेल्या डॉक्टरांनी मला खुशाल थांबवावे. परंतु प्रश्न कसा विचारला असता कोणते उत्तर येते, आणि आलेले उत्तर कागदावर उतरताना त्याचे काय होते, एवढ्यापुरता माझा अधिकार आपण मान्य कराल अशी आशा आहे.

रोगी मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. आणि त्याच संस्थेने १९६३ साली मुंबई शहरापुरती जी कर्करोग-नोंदणी हाती घेतली, ती या देशातील अशा स्वरूपाची पहिली नोंदणी होय. या सर्व खटाटोपात रोगी मोजले गेले आणि मृत्यू मोजले गेले. परंतु अंगात गाठ हाताला लागल्यापासून मनुष्य दवाखान्याच्या दारात उभा राहीपर्यंत त्याच्या मनात कोणकोणते विचार येऊन जातात, त्याला काय ठाऊक असते, काय ठाऊक नसते, आणि ठाऊक असूनही तो घरी का बसतो, याची मोजदाद मात्र पुष्कळ काळ कोणी केली नाही, कारण तशी मोजदाद होऊ शकते हेच कोणाला सुचले नव्हते.

ती पद्धतशीरपणे करण्याचा मान ब्रिटनमधील संशोधकांकडे जातो. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज, तसेच ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील मंडळींनी कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेच्या साहाय्याने एक प्रश्नावली सिद्ध केली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. तिची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. प्रथम मोकळा प्रश्न विचारायचा, की कर्करोगाची म्हणून कोणती लक्षणे आपल्याला सांगता येतील. मनुष्य आपल्या आठवणीतून जेवढी सांगेल तेवढी लिहून घ्यायची, आणि मग नऊ लक्षणांची यादी एकामागून एक वाचून प्रत्येकाविषयी हे लक्षण असू शकते की नाही असे विचारायचे. त्यानंतर, असे लक्षण आपल्याला दिसले तर किती दिवसांत डॉक्टरांकडे जाल, जाण्यात कोणत्या अडचणी येतील, आणि रोगाला कारणीभूत होणाऱ्या गोष्टी कोणत्या, असे उर्वरित भाग येतात.

मोकळ्या प्रश्नाचे उत्तर आणि वाचून दाखवलेल्या यादीचे उत्तर यांत जी तफावत पडते, ती पाहिल्यावर कोणाही मोजणीदाराने सावध व्हावे. आठवून सांगा म्हटले की बहुतेकांना गाठ आठवते आणि फार तर रक्त जाणे आठवते. यादी वाचली की सगळ्यालाच मान डोलते. आपल्याकडे तर ही तफावत अधिकच रुंदावणार, कारण दारी आलेल्या, हातात कागद धरलेल्या, शहरी वेशातील माणसाला सरळ ‘नाही’ म्हणण्याचा आपला शिरस्ता नाही. ‘तोंडात न भरणारी जखम हे कर्करोगाचे लक्षण असू शकते का?’ असे अदबीने विचारले असता ‘असेल की साहेब’ हे जे उत्तर येते, ते पुष्कळदा ज्ञानाचे नसून सौजन्याचे असते. आणि तक्त्यात मात्र ते ज्ञान म्हणून जमा होते.

शिवाय प्रश्नावली ज्या देशात जन्मते त्या देशाची कातडी अंगावर घेऊनच प्रवास करते, आणि येथे तर ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. ब्रिटिश यादीतील नऊ लक्षणांत तीळ वा चामखीळ यांच्या स्वरूपात पडणारा फरक हे एक लक्षण आहे, आणि कारणांच्या यादीत लहानपणी उन्हाने कातडी भाजणे हे एक कारण आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्वचेचा जो घातक कर्करोग पुष्कळ आढळतो तो आपल्याकडे विरळा आहे, तेव्हा मुरबाडच्या ठाकूर बाईला यापैकी काही सांगता आले नाही म्हणून तिचे गुण कापावेत यात मला काही अर्थ दिसत नाही. त्याच कारणांच्या यादीत विडी-सिगारेट आहे, दारू आहे, मांसाहार आहे, लठ्ठपणाही आहे. पण तंबाखू-चुना मळून गालफडात धरणे नाही, आणि तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री सकाळ-संध्याकाळ दाताला लावणे तर मुळीच नाही. लंडनकरांना मिश्री ठाऊक असण्याचे कारण नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे. परंतु ती यादी जशीच्या तशी भाषांतरित करून येथे आणणाऱ्याला मात्र दोष द्यावाच लागेल.

या प्रश्नावलीच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग पुढे आला. तिच्याच धर्तीवर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन या सहा देशांत पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. कर्करोगातून वाचण्याचे प्रमाण ब्रिटनमध्ये इतरांहून कमी, याचे कारण तेथील लोकांचे अज्ञान असावे, अशी अटकळ होती. प्रत्यक्षात लक्षणांची माहिती या सर्व देशांत जवळपास सारखीच निघाली. फरक आढळला तो अडचणींच्या कलमात. डॉक्टरांपुढे सांगायला संकोच वाटतो, डॉक्टरांचा वेळ आपण फुकट घेऊ अशी भीती वाटते, असे म्हणणारे ब्रिटनमध्ये अधिक होते. म्हणजे ज्यांनी अज्ञान मोजण्यासाठी फूटपट्टी केली, त्यांच्या हाती भिडस्तपणा लागला.

आता आपल्या देशाकडे वळू. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी पाहणी २०१६-१७ साली देशभर झाली, तीत धूरविरहित तंबाखूमुळे गंभीर आजार होतो असे मानणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा ९५.६ भरले. कोणत्याही शाळेच्या परीक्षेत एवढा निकाल लागला तर हेडमास्तरांचा सत्कार होईल. त्याच पाहणीत, त्याच लोकांपैकी शेकडा २१.४ जण असा तंबाखू खातच होते, आणि आपल्या महाराष्ट्रात तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या रूपाने सेवन करणारे प्रौढ शेकडा २६.६ होते. दहापैकी साडेनऊ जणांना ठाऊक असलेली गोष्ट आणखी अर्ध्या जणाला ठाऊक करून देण्यासाठी भिंती रंगवाव्यात, की सेवन करणाऱ्या दोघा-तिघांची सवय कशी सुटेल याचा विचार करावा, हा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे. तरीही आपले जागृतीचे कार्यक्रम बहुधा भिंती रंगवण्याकडेच वळतात, कारण रंगवलेल्या भिंतीचे छायाचित्र अहवालाला जोडता येते.

याउलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांना विचारले गेले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आपली तपासणी कधी झाली आहे काय? देशात ‘होय’ म्हणणाऱ्या शेकडा १.९ निघाल्या, स्तनांच्या आणि तोंडाच्या तपासणीचे प्रमाण तर शेकडा एकालाही पोहोचले नाही. शेकडा ९५ आणि शेकडा १ या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही आहे, ते मोजण्याची विद्या आपल्याला हवी आहे.

ती विद्या कोठे सापडेल असे कोणी मला विचारले, तर मी त्याला लंडनला न पाठवता सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला पाठवीन. तेथे १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांसाठी ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठी काढलेली अशी नोंदणी भारतात तीच पहिली. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि टाटा रुग्णालयाशी संबंधित असलेल्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी निगडित आहेत. शहरातील नोंदणीचा कारकून इस्पितळांतून फिरतो, केसपेपर पाहतो, महापालिकेच्या मृत्युनोंदी चाळतो, आणि त्या नकलांतून त्याची वही भरते. परांड्याच्या एखाद्या वाडीत हा उपाय चालणार कसा? तेथील बाई डॉक्टरांकडे गेलेलीच नसते; तिच्या आजाराला नाव मिळालेले नसते, ती घरच्या घरी झिजून जाते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘अशक्तपणा’ किंवा ‘म्हातारपण’ असे काहीतरी पडते. अशा मुलखात वही घेऊन नुसते बसून राहिले तर वही कोरी राहते, आणि कोऱ्या वहीवरून खेड्यात कर्करोग नाही असा शेराही कोणी मारून मोकळा होतो.

म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव जावे लागले. चावडीवर, देवळात, शाळेत बैठका घ्याव्यात. अंगावरून लाल जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसणे, तोंडातली न भरणारी जखम, घास अडकणे, गाठ, ही लक्षणे साध्या शब्दांत सांगावीत. अशी तक्रार असलेला कोणी आहे काय याची विचारपूस करावी. संशय आला तर त्या माणसाला बार्शीच्या रुग्णालयात तपासणीसाठी आणण्याची तजवीज करावी, आणि काही काळाने पुन्हा त्याच गावी जाऊन मागची नोंद पुरी करावी, असा तो क्रम होता. हेतू रोगी मोजण्याचा होता. परंतु मोजण्यासाठी विचारावे लागले, विचारण्यासाठी सांगावे लागले, आणि सांगितल्यामुळे लोक आपण होऊन येऊ लागले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया त्या मुलखात सापडल्या, त्यांपैकी आरंभीच्या अवस्थेत येणाऱ्यांचे प्रमाण काही वर्षांतच वाढले, असा निष्कर्ष या मंडळींनी १९९५ साली कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला.

संख्याशास्त्राच्या कडक नियमाप्रमाणे हा प्रकार दोषास्पद आहे. जे मोजायचे तेच मोजणीमुळे बदलले तर मूळचे माप हाती राहत नाही. जमीन मोजताना साखळीच्या ओढीने बांध सरकला, तर त्या मोजणीला कोणी कबूल होणार नाही. मीही तरुणपणी असाच आक्षेप घेतला असता. आज मात्र मला वाटते, की जागृतीच्या बाबतीत हा बांध सरकलेलाच बरा, आणि बार्शीच्या वहीची खरी थोरवी तिच्या एका निवडीत आहे: तिने लोकांना लक्षणांची नावे किती येतात हे मोजण्याऐवजी लोक कोणत्या अवस्थेत दारात येतात हे मोजले. पहिल्या मापात गुण मिळतात सांगणाऱ्याला. दुसऱ्या मापात सांगणारा, रस्ता, एस.टी., घरची सासू, दवाखान्यातील वागणूक आणि डॉक्टरांची नजर, असे सगळेच एकदम तोलले जातात.

बार्शीच्या याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक फार मोठा प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ५२ ग्रामसमूहांतील, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणीच्या तीन निरनिराळ्या पद्धती योजल्या, आणि चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी जवळच्या रुग्णालयात कशी करून घेता येते याची माहिती देऊन नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले. आठ वर्षांनंतर, त्या रोगाच्या विषाणूची एकवार तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि नुसती माहिती मिळालेल्या, संख्येने किंचित लहानच असलेल्या गटात ६४. बळावलेल्या रोगाच्या स्त्रिया पहिल्या गटात ३९ आणि दुसऱ्यात ८२. माहितीपत्रकावरील आपली श्रद्धा ज्यांना तपासून घ्यायची असेल, त्यांनी हे चार आकडे टेबलावर लिहून ठेवावेत.

तंबाखू आणि तोंड यांच्यासंबंधात तर मोजणीची परंपरा आपल्या अगदी शेजारची आहे. माळशेज चढून गेले की पुणे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे उघडून पाहण्याचे काम डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि १९७२ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. लाखभर तोंडे तपासता येतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढे केरळात त्रिवेंद्रम येथील प्रयोगाने २००५ साली दाखवले, की नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे तंबाखू वा दारू सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू शेकडा ३४ ने घटतात. आमच्या हातची गोष्ट काय, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

आता टोकावड्याच्या पंचक्रोशीत, आणि तसेच पलीकडे शहापूर तालुक्यात, ही मोजदाद करायची ठरली तर काय होईल याचा विचार करू. पहिला प्रश्न पंचांगाचा आहे, आणि तो बाहेरून येणाऱ्या संशोधकाला हटकून चकवतो. त्याचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून त्याचे मोजणीदार माघ-फाल्गुनात फिरतात. त्या वेळी कातकरी वाड्या ओस असतात, कारण भात घरात आले, दिवाळी झाली, की माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात ती पावसाच्या तोंडाशी परततात. राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि पक्क्या घरांतील मंडळींना विचारून जो अहवाल सिद्ध होईल, त्यात ज्यांना विचारणे सर्वांत अगत्याचे होते तेच गैरहजर असतील, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर त्याचा उल्लेखही नसेल. येथील मोजणी भाद्रपदात करावी, लावणी आटोपून कापणी लागण्यापूर्वी.

दुसरा प्रश्न अडचणींच्या कलमाचा. डॉक्टरांचा वेळ वाया जाईल ही चिंता येथे मला कोणाच्या तोंडून ऐकू आली नाही. स्वतःचा दिवस वाया जाईल ही मात्र प्रत्येकाच्या तोंडी असते. मुरबाड तालुक्यातून आगगाडी जात नाही. येथून निघालेल्याने मुरबाड गाठावे, मुरबाडहून कल्याण, कल्याणहून लोकलने परळ; शहापूरकराला आसनगाव, खर्डी वा कसारा येथे गाडी मिळते एवढे त्याचे सुख. एवढे करून पहिल्या दिवशी केसपेपर निघतो. तपासण्यांना पुन्हा यायचे, सोबतीच्या माणसाचीही मजुरी बुडायची, आणि मुक्काम पडला तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते काय ते पाहायचे. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागू शकतो, हे खरे, आणि ते मोठेच साहाय्य आहे. पण योजना लागू होते निदानानंतर, आणि माणूस अडखळतो तो निदानाच्या अलीकडे. त्यातच गाठीला सुरी लागली की रोग सर्वांगात पसरतो, हा समज. या समजाला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्या गावातील प्रत्येक रोगी शेवटच्या अवस्थेतच इस्पितळात पोहोचला आणि थोड्याच दिवसांत वारला, त्या गावाने आपल्या डोळ्यांसमोरच्या पुराव्यावरूनच तो निष्कर्ष काढलेला असतो. वेळेवर जाऊन बरी होऊन आलेली एक बाई वाडीत हिंडू-फिरू लागेपर्यंत त्याला उलटा पुरावा मिळत नाही.

तिसरा प्रश्न, विचारणार कोण? पाहुण्या मोजणीदाराला सौजन्याची उत्तरे मिळतात हे मघाशी सांगितले. आशाताई घरची असते. तिच्याकडे तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी भरायचा सरकारी तक्ता आधीच आहे, आणि त्यात तोंड उघडण्यास त्रास, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, आवाजातील बदल, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव यांविषयीचे प्रश्नही आहेत. पण सासू शेजारी बसलेली असताना सुनेला यातील शेवटचे प्रश्न विचारणे आणि ‘नाही’ अशी खूण करून पुढच्या घरी जाणे, हे किती घरांत घडत असेल याची कल्पना येथे बसलेल्या भगिनींना माझ्याहून अधिक आहे. एकांतात विचारलेला एक प्रश्न ओसरीवर विचारलेल्या दहा प्रश्नांना भारी असतो. आणि तो ठाकूर वा कातकरी बाईला तिच्या बोलीत विचारला जावा. ‘योनीमार्गातून असामान्य स्राव’ असे वाचून दाखवले तर ती बिचारी ‘नाही’च म्हणणार, तेथे मीही ‘नाही’च म्हणेन.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. येथील ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, कर्करोगाचा संशय असलेल्या प्रत्येक इसमाच्या केसपेपरच्या माथ्यावर दोन तारखा लिहाव्यात: लक्षण प्रथम जाणवले ती, आणि दवाखान्यात पाऊल पडले ती. इंग्रजी तारीख कोणाला आठवत नाही, म्हणून सणावाराच्या खुणेने विचारावे. म्हशाच्या यात्रेआधी की नंतर, लावणीत की झोडणीत, असे विचारले की महिना नेमका निघतो. दोहोंच्या मधल्या काळात कोणाकोणाकडे गेलात, भगताकडे, वैदूकडे, औषधाच्या दुकानात, आणि का थांबलात, हे एका ओळीत टिपावे. ‘अज्ञान’ हा शब्द त्या ओळीत लिहिण्यास मनाई असावी. निदान झाल्यावर रोगाची अवस्था त्याच कागदावर चढवावी, आणि निदान परळला झाले असले तर ती तेथून मागवून घ्यावी. वर्षाच्या शेवटी मधल्या काळाची सरासरी न काढता मध्यक काढावा, कारण दोन वर्षे दुखणे अंगावर काढणारा एकटा मनुष्य सरासरीचे पुरते वाटोळे करतो. आणि बळावलेल्या अवस्थेतील रोग्यांची संख्या एकूण रोग्यांशी न ताडता लोकसंख्येशी ताडावी. कारण तपासण्या वाढल्या की निरुपद्रवी, आरंभीचे रोगी अधिक सापडून शेकडेवारी आपोआप सुधारल्यासारखी दिसते, आणि मरणारे मात्र तेवढेच राहू शकतात. घरोघरच्या प्रश्नावलीला माझा विरोध नाही. फक्त विचारणाऱ्याच्या हाती विजेरी असावी, आणि ज्याला तोंडाविषयी प्रश्न विचारला त्याचे तोंड त्याच बैठकीत पाहिले जावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे. ही नोंद नेटाने ठेवली तर पहिली काही वर्षे आकडे वाईट दिसतील. ज्या गावची आशाताई अधिक मन लावून विचारील त्या गावात अधिक रोगी निघतील, आणि जी विचारणारच नाही तिचे गाव निरोगी ठरेल. वरिष्ठ कचेरीत असा तक्ता गेला की पहिल्या गावाला खुलासा मागवला जातो आणि दुसऱ्याला शाबासकी मिळते, हा माझ्या नोकरीतला पाहिलेला शिरस्ता आहे. म्हणून पहिल्या तीन वर्षांचे आकडे कोणत्याही गावाच्या, केंद्राच्या वा आशाताईच्या कामाची प्रत ठरवण्यासाठी वापरले जाणार नाहीत, ही अट या नोंदीच्या नियमावलीत पहिल्याच कलमात घातली जावी, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीनिशी तिची प्रत प्रत्येक उपकेंद्रावर लावली जावी.